दीड पायरी

सासूबाईंना आमच्या घराच्या पायऱ्यांचा हिशेब तोंडपाठ आहे. लग्न होऊन त्या बडोद्यात, दांडिया बाजारातल्या या वाड्यात आल्या तेव्हा दारापुढे पाच पायऱ्या होत्या. नऊवारीचा घोळ सावरत त्या चढताना धाप लागली होती म्हणे. (धाप पायऱ्यांनी लागली की भीतीने, ते त्यांनी कधी उघड केलेले नाही.) मी आले तेव्हा तीन उरल्या होत्या. गेल्या वर्षी मोजल्या तर दीड. पायऱ्या कुणी फोडल्या नाहीत आणि वाडाही खचलेला नाही. रस्ता वर आला.

दर तीन-चार वर्षांनी गल्लीत डांबराचा डंपर यायचा, मागून रोलर फिरायचा, पोरे नाक वर करून वास घेत उभी राहायची. नवा थर चार सेंटिमीटरचा, फार तर पाच. जुना थर आधी खरवडून काढायचा असतो, पण त्याला वेगळे यंत्र लागते, वेगळे पैसे लागतात आणि शिवाय एक दिवस जास्तीचा. मग जुन्यावरच नवा. घरात आपणही जुनी फरशी न उखडता वर नवी बसवून घेतो आणि दार घासायला लागले की सुताराला बोलावतो. रस्ता आमच्या दाराला घासायला लागला तेव्हा बोलवायचे कुणाला, हे मात्र ठरलेले नव्हते. ज्या वर्षी गुळगुळीत डांबर पडले त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या, हेही खरे. चार सेंटिमीटर कुणाच्या डोळ्यांत भरतात? सासूबाईंच्या भरले. कारण ओट्यावर बसून पाय खाली सोडले की आधी ते अधांतरी राहायचे, मग टेकायला लागले आणि शेवटी गुडघे हनुवटीशी आले.

रस्ता वर आला तसे पाणी दिशा विसरले. पूर्वी पावसाचे पाणी घरांपासून गल्लीच्या मध्याकडे आणि तिथून मोठ्या रस्त्याकडे पळायचे. आता ते आधी आमच्या दाराशी येऊन विचार करते. दर जूनमध्ये चौकटीच्या खाचेत फळी बसवायची, तिच्या कडेला जुन्या साडीच्या चिंध्या कोंबायच्या, हा आमच्याकडे लोणच्याइतकाच नेमाचा उद्योग झाला.

बडोदेकराला पावसाळ्यात दोन आकडे माहीत असावे लागतात. आजवा धरणाची पातळी किती फूट आणि काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदी किती फूट. आजवा २११ च्या वर गेले की फोन सुरू होतात. काळा घोड्याला धोक्याची खूण २६ फुटांची. २०२४ च्या जन्माष्टमीला, २६ ऑगस्टला, आभाळ फाटले आणि पुढच्या दोन दिवसांत नदीने पस्तिशी ओलांडली. नदीतल्या मगरी लोकांच्या अंगणात आल्या, ती छायाचित्रे देशाने पाहिली. आमच्याकडे मगर नाही आली. आमच्याकडे पाणी आले ते दारातून नव्हे, नहाणीच्या जाळीतून. फळी लावून, चिंध्या कोंबून आम्ही दारावर पहारा देत बसलो होतो आणि मागून बुडबुड आवाज आला. नदी चढली की पावसाळी गटारांची तोंडे तिच्या पाण्याखाली जातात. मग आतले पाणी बाहेर पडू शकत नाही, ते मागे फिरते आणि जिथे सगळ्यांत खाली भोक सापडेल तिथून वर येते. ते भोक आमच्या नहाणीत होते, कारण आमचे घर आता गल्लीतले सगळ्यांत खालचे घर झाले होते. गटाराचे आणि पावसाचे पाणी वेगवेगळ्या नळांतून जायला हवे, पण जुन्या वस्तीत कुणी कुणाचे तोंड कुठे जोडले आहे ते गटारालाच ठाऊक. जे आत आले त्याच्या वासावरून आम्हालाही कळले.

पुढच्या पावसाळ्यात भुवा पडला.

हा शब्द बडोद्याबाहेरच्या मराठी माणसाला सांगावा लागतो. रस्ता अचानक खचून जो खोल खड्डा होतो त्याला इथे भुवा म्हणतात. गुजरातीत अंगात येणाऱ्या देवऋषालाही भुवाच म्हणतात आणि मला त्यात काही चूक दिसत नाही, दोघेही जमिनीखालचे बोलतात. पहाटे दुधाच्या टेम्पोचे मागचे चाक आत गेले. वरून भोक केवढे, तर पुरणाच्या परातीएवढे. ह्यांनी बॅटरी मारून आत पाहिले आणि एक पाऊल मागे सरले. आत खोली होती. डांबराचे छत, मातीच्या भिंती, तळाशी वाहते काळे पाणी. म्हणजे गेली दोन-तीन वर्षे आम्ही, आमच्या स्कूटर, शाळेच्या रिक्षा आणि गणपतीचा ट्रॅक्टर त्या डांबराच्या पापुद्र्यावरून ये-जा करत होतो.

हे होते कसे, ते मला साईटवरच्या सुपरवायझरभाईंनी खडूने ओट्यावर चित्र काढून समजावले. गटाराच्या पाईपचा सांधा सुटतो. पावसात बाहेरचे पाणी त्या फटीतून आत शिरते आणि येताना चिमूटभर माती घेऊन येते. गटार ती माती वाहून नेते. पुन्हा पाऊस, पुन्हा चिमूट. वर रस्ता जसाच्या तसा दिसतो, कारण डांबर कमानीसारखे थोडा वेळ तग धरते. "बेन, रोड तूटतो नथी, रोड नीचेथी खाली थाय छे," ते म्हणाले. म्हणजे रस्ता तुटत नाही, खालून रिकामा होतो.

खोदकाम दिवाळीनंतर सुरू झाले. दाहोदकडची माणसे होती, नवरा-बायको दोघेही खड्ड्यात आणि लहानगे पोर खांबाला बांधलेल्या झोळीत. मोठ्या रस्त्यावर जेसीबी चालते, आमच्या नऊ फुटी गल्लीत शिरत नाही, म्हणून सगळे टिकाव-पावड्याने. त्या बाईच्या हाताला जमिनीची अशी काही ओळख होती की टिकाव अर्ध्यात थांबवून ती म्हणायची, इथे पाईप आहे. आणि असायचा. नकाशा होता, सुपरवायझरभाईंच्या मोबाईलमध्ये, पण त्यात आमची गल्ली सरळ होती. आमची गल्ली सरळ नाही. शेवटी नकाशाचे काम केले सासूबाईंनी. ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या आणि काठीने दाखवायच्या. इथे पूर्वी विहीर होती, ती बुजवली. तिथून समोरच्यांचा संडास जायचा. या कोपऱ्यावर पिंपळ होता. भाई आधी "हा बा, हा बा" करत मान हलवायचे. विहीर सापडली त्या दिवसापासून वही घेऊन बसायला लागले.

खणलेल्या भिंतीत रस्त्याचे थर दिसत होते. ह्यांनी पेन्सिलने खुणा करत मोजले, डांबराचे नऊ, मध्ये एक विटांच्या चुऱ्याचा आणि एके ठिकाणी चक्क पेव्हर ब्लॉक, जे इथे कधी बसवले होते ते आमच्यापैकी एकालाही आठवेना. नवव्या थराच्या खाली काळी माती. तिचा स्वभाव बडोद्याच्या कुणीही घर बांधणाऱ्याला विचारा. पावसात पाणी पिऊन फुगते, मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते. पाईपाचे सांधे तिच्याच ओढाताणीत सुटतात.

सगळ्यांत खाली जुने गटार होते, तपकिरी झिलईच्या चिनी मातीच्या पाईपांचे. एक तुकडा त्यांनी वर काढून आमच्या ओट्याला टेकवून ठेवला. मी हात लावला (मग तीनदा साबणाने धुतला). झिलई अजून बरणीसारखी चकचकीत. पाईपाला काही झालेले नव्हते. सांध्यात मात्र पिंपळाची मुळे शिरली होती. केसाएवढ्या फटीतून शिरून आत त्यांची हातभर लांब, मनगटाएवढी जाड वेणी झाली होती, आणि त्या वेणीत अडकलेले सगळे गल्लीचे चरित्र, केस, प्लास्टिकच्या पिशव्या, दोरे, एक चमचा. झाड जाऊन तीस वर्षे झाली. मुळे वाळून काथ्यासारखी झालेली, पण बूच घट्ट.

त्यापुढचा भाग नंतर कधीतरी सिमेंटच्या पाईपांनी बदललेला होता. नवा म्हणून तो चांगला असेल असे मला वाटले होते. त्याचा वरचा अर्धा भाग बोटाने दाबला की चहात बुडवलेल्या टोस्टसारखा सुटून येत होता. खालचा अर्धा, ज्यावरून रोज घाण वाहते, तो धडधाकट. हे कोडे भाईंनीच सोडवले. पाईपाला उतार कमी दिला की मैला तळाशी बसतो, सडतो, त्यातून कुजक्या अंड्यासारख्या वासाचा वायू सुटतो. तो वर छताच्या ओलीत मुरतो, तिथले जंतू त्याचे गंधकाम्ल करतात आणि आम्ल सिमेंट खाते. म्हणून गटार डोक्याकडून सडते. गटारातले पाणी सेकंदाला साठ सेंटिमीटर तरी धावले पाहिजे, साधारण चालत्या माणसाच्या निम्म्या वेगाने. त्याहून संथ झाले की गाळ बसतो. फार जोरात, सेकंदाला तीन मीटरच्या पुढे गेले, तर पाईप घासून निघतो. सगळे शास्त्र या दोन आकड्यांच्या मध्ये उतार धरण्याचे.

उतार हा शब्द सासूबाईंना आवडला. "आजव्याचं पाणी तसंच येतं ना?" त्यांनी विचारले. येते. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९२ मध्ये आजवा पुरे झाले आणि वीसेक किलोमीटरवरून पाणी शहरात आले ते जमिनीच्या उतारावर. तेव्हाच्या लोकांनी वीस किलोमीटर उतार धरला. आम्हाला आमच्या दारापासून कोपऱ्याच्या चेंबरपर्यंत धरता येत नाही, याची मला थोडी लाज वाटली.

पण पाण्याची नळी कुठून जाते, ते पाहिल्यावर लाजेची जागा भीतीने घेतली. जुन्या काळच्या घराघरांच्या लोखंडी नळ्या गटाराला आडव्या, एक तर चेंबरच्या पोटातूनच गेलेली, गंजून तिच्यावर लालसर खपल्या. चोवीस तास पाणी असते तर भीती थोडी कमी, कारण नळीत दाब असला की गळती आतून बाहेर होते. आमच्याकडे पाणी सुटते ठरावीक वेळ. बंद झाले की नळी रिकामी होते आणि त्याच भोकातून बाहेरचे आत ओढते. सकाळचे पहिले बादलीभर पाणी ओतून द्यायचे, ही आमच्या घरातली शिस्त सासूबाईंच्या सासूबाईंपासूनची. तिच्यामागचे कारण मला त्या खड्ड्याच्या काठावर समजले. नियम सांगतो की पाण्याची नळी आणि गटार यांत आडवे अंतर निदान तीन मीटर हवे. तीन मीटर म्हणजे दहा फूट. गल्ली नऊ फूट. तेव्हा नियमातली पळवाट धरावी लागली, वेगळ्या चरात, गटाराच्या माथ्यापासून अर्धा मीटर वर पाण्याची नळी. यासाठी मात्र भाई अडून बसले होते, वरून घाई चालली असतानाही, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवायला हवे.

मध्ये एकदा गॅसची लाईन कापली गेली. बडोदे हे पाईपातून स्वयंपाकाचा गॅस घरोघर देणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या शहरांपैकी, सत्तरच्या दशकापासूनचे, त्यामुळे आमच्यासारख्या कित्येकांच्या घरी सिलिंडर ठेवायची सवयच नाही. दीड दिवस चूल थंड. दोन्ही वेळा सेवउसळ मागवून खाल्ली आणि सासूबाईंनी रश्शाला नावे ठेवत दोनदा पाव मागून घेतला.

एक गोष्ट मात्र अजून मनातून जात नाही. कोपऱ्यावरचे चेंबर तुंबले होते. एका सकाळी एक पोरगा, विशीतला असेल, शर्ट काढून, कमरेला दोरी बांधून झाकणाशी उभा. ना मुखवटा, ना काही. मी म्हटले, आत उतरवू नका. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, दोन मिनिटांचे काम आहे बेन. दोन मिनिटेच पुरतात, म्हणून तर. माणसाला असे उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू झाला तर वारसांना तीस लाख द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितले. हे मी त्याला सांगत होते आणि तो पोरगा माझ्याकडे बघत होता, की ही बाई माझा आजचा रोज बुडवणार. ह्यांनी झाकणावर खुर्ची टाकली आणि पेपर वाचत बसले. दुपारी जेटिंगची गाडी आली, पाण्याच्या झोताने चेंबर वीस मिनिटांत मोकळे झाले. गाडी शहरातच होती. फक्त मागवायची होती. त्या पोराला त्या दिवसाचा रोज मिळाला का, ते विचारायचे मात्र माझ्याकडून राहिले.

फूटपाथबद्दल फार लिहीत नाही. मोठ्या रस्त्यावर तोही नवा झाला. कागदावर तो चालायला १.८ मीटर मोकळा आणि १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नाही. जागेवर दर दहा पावलांना कुणाच्या तरी गाडीसाठी उतार कापलेला, मध्ये विजेची पेटी, मग लारी (म्हणजे हातगाडी), मग दुकानाचा ओटा. सासूबाई त्यावरून एकदा चालल्या, म्हणाल्या, हा डोंगर-दऱ्यांचा प्रदेश आहे, आणि रस्त्यावर उतरल्या.

आणि दोष नेहमी दुसऱ्याचाच असतो असेही नाही. मागचा डांबरी रस्ता नवा होऊन सोळा दिवस झाले होते, तेव्हा गणपतीच्या मांडवासाठी त्यात बारा खड्डे पाडले गेले. पाडणारे आमचेच मंडळ, वर्गणी आमचीच, आणि पहारीने पहिला घाव घालणारे आमचे हे. विसर्जनानंतर ते खड्डे रेतीने बुजवले. पावसाने रेती काढून दाखवली. यंदा मंडळाने पत्र्याच्या डब्यांत वाळू भरून त्यात खांब रोवायचे ठरवले आहे. ठरवले आहे, एवढेच सांगते.

पाईप बसले, चर भरले, दाबले. मग तो दिवस आला ज्याची सासूबाई वाट पाहत होत्या. या खेपेला डांबराचे सगळे थर उखडून, जुन्या पातळीच्या जमेल तेवढे जवळ जाऊन काँक्रीट करायचे ठरले होते. ब्रेकरने तीन दिवस गल्ली हादरवली, भिंतीवरच्या तसबिरी उतरवून ठेवाव्या लागल्या. आमच्या दारापुढचा थर निघाला आणि गाडली गेलेली अर्धी पायरी वर आली. मग तिच्याखाली तिसरी. काळ्या दगडाची, मधोमध पावलांनी झिजून बशीसारखी झालेली. तिच्या उजव्या कोपऱ्यात लिंबाएवढा गोल खळगा होता, आत चिखल.

हे ऑफिसातून आले, ते बूट न काढता तिथेच उकिडवे बसले. करंगळीने चिखल काढला. खळग्याची कड गुळगुळीत होती. "ही आमची गल," म्हणाले. गोट्या खेळायची गल, सातवीत असताना छिन्नीने पाडलेली. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला होता, आणि मारणाऱ्या बाई वर खुर्चीत बसल्या होत्या. "वडिलोपार्जित दगड फोडला मेल्यानं," त्या म्हणाल्या, पण आवाजात राग आणता आणता राहिला.

काँक्रीट कुठवर येणार यावर दोन दिवस घासाघीस झाली. ह्यांचे म्हणणे तिसरी पायरी पूर्ण उघडी राहावी. भाईंचे म्हणणे कोपऱ्याचे चेंबर ज्या पातळीला आहे त्याच्या खाली रस्ता नेला तर पाणी जायचे कुठे? दोघांनी पारदर्शक नळीत पाणी भरून तिचे एक टोक दाराशी आणि दुसरे चेंबरशी धरले. पाण्यापुढे वाद नसतो. पायरीची चार बोटे उघडी राहतील, बाकी आत, असे ठरले. गल त्या चार बोटांत येत होती, अगदी काठावर.

काँक्रीट पडले संध्याकाळी. कामगारांनी फळीने सारखे केले आणि ओल्या पोत्यांसाठी सकाळी येतो म्हणून गेले. रात्री साडेदहाला खुडबुड ऐकू आली म्हणून मी दारात गेले. हे पायरीवर पालथे झोपले होते, तोंडात बॅटरी, हातात स्क्रू-ड्रायव्हर. गलीत सिमेंटचे पाणी उतरले होते आणि ते घट्ट व्हायच्या आत खरवडून काढायचे काम चालले होते. मी चमचा आणून दिला. वरच्या खिडकीतून आवाज आला, "नवा रस्ता खराब करू नकोस रे."

"नाही आई," हे तोंडातली बॅटरी न काढता म्हणाले.